तारमळे सर गप्प राहायला शिकतात

भगीरथ तारमळे सरांना कधी कोणी बोलू नका म्हटलं नव्हतं. त्यामुळे सत्तावीस वर्षं ते बोलत होते.

शहापूरच्या कॉलेजात ते भूगोल शिकवतात. वर्ग पहिल्या मजल्यावर, आवाज तळमजल्याच्या कॅन्टीनपर्यंत. कॅन्टीनमधल्या मावशी शाळेत चौथीपर्यंत गेल्या, पण मोसमी वाऱ्यांच्या दोन्ही शाखा त्यांना पाठ आहेत. वडे तळताना त्या अरबी समुद्राची शाखा सांगतात. बंगालच्या उपसागराची सांगेपर्यंत घाणा उतरतो.

सरांचा प्रश्न कधी एकटा येत नसे. उत्तराचं बोट धरूनच यायचा.

"नदी वळते तिथे गाळ कुठल्या अंगाला बसतो? आतल्या अंगाला बसतो. का बसतो? कारण तिथे पाण्याचा वेग कमी असतो. समजलं? समजलं."

शेवटचं 'समजलं'देखील सरच म्हणायचे. मुलांवर कसलाच भार पडू देत नसत.

माणूस मात्र असा की पेपरच्या दिवशी एसटी चुकलेलं पोर दिसलं की मोटरसायकल वळवणार. उंबरमाळीकडच्या पाड्यावरची मुलगी चार दिवस वर्गात दिसली नाही तर पाचव्या दिवशी पाड्यावर हजर. तिथे नाचणीची भाकरी खाणार, आईबापांना समजावणार, आणि निघता निघता त्यांच्याच डोंगराची उंची त्यांना सांगणार.

त्यांची आणखी एक खोड होती. ते 'एक' म्हणत नसत.

सरांचे वडील सापगावचे मापारी. गावात झोडणी झाली की खळ्यावर भात पायलीने मोजायला त्यांना बोलवायचे. पहिली पायली ओतताना मापारी 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. लाभ, दोन, तीन, चार. छोटा भगीरथ त्याच खळ्यावर मोजायला शिकला. पुढे एम. ए. झाला, प्राध्यापक झाला, पण त्याची गिनती खळ्यावरून उठली नाही. उत्तरपत्रिका असोत, जिन्याच्या पायऱ्या असोत, नाहीतर सहलीच्या बसमधली पोरं, सरांचं पहिलं बोट लाभावरच. दर वर्षी पुढच्या सीटवरचं कोणीतरी ओरडायचं, "सर, माझं नाव लाभ नाय हो!" मुलं पाठीमागे त्यांना 'लाभसर' म्हणत. सरांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

असं सगळं सुरळीत चालू असताना विद्यापीठाचं पत्रक आलं. प्राध्यापकांसाठी अध्यापन-विकास वर्ग. सहा शनिवार, मुरबाडला. आपण शिकवतो ते मुलांपर्यंत पोचतं का, हे शिकवणाऱ्यांनी तपासायचं. प्रत्येकाने एक जोडीदार घ्यायचा, दुसऱ्या विषयाचा. जोडीदाराने तुमच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचं आणि काय दिसलं ते लिहायचं.

"मला शिकवायला शिकवणार?" सर स्टाफरूममध्ये म्हणाले. "बरं आहे. जेवण असतं का तिथे?"

जेवण होतं. म्हणून सर गेले.

जोडीदार मिळाली हर्षाली. त्यांच्याच कॉलेजातली, मराठीची, तासिका तत्त्वावरची, सव्वीस वर्षांची. पहिल्या वर्षाला असताना ती सरांच्याच वर्गात बसलेली. तेव्हाही ती सरांच्या तासाला एक शब्द बोलली नव्हती. सरांच्या मते ती समजूतदार विद्यार्थिनी होती.

वर्ग घ्यायला आल्या होत्या प्रेमा मॅडम. लहानखुऱ्या, हळू बोलणाऱ्या. पहिल्या शनिवारी त्यांनी एकच प्रश्न विचारला, "आपण शिकवतो म्हणजे नेमकं काय करतो?" आणि त्या गप्प बसल्या.

हॉलमध्ये बावीस प्राध्यापक. पंखा फिरतोय. कोणी पेनाचं टोपण काढतंय, कोणी लावतंय. तारमळे सरांच्या अंगावर काटा आला. एवढी शांतता त्यांनी फक्त शोकसभेत पाहिली होती. कोणाला तरी हे थांबवायला हवं होतं. सर उठले आणि चौदा मिनिटं बोलले.

"छान," प्रेमा मॅडम म्हणाल्या. "आता इतरांचं ऐकू."

इतरांना काही सुचेना. सरांनी सगळंच सांगून टाकलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात हर्षाली सरांच्या वर्गात मागे बसली. मोबाइलवर तास रेकॉर्ड केला. मग घरी जाऊन, घड्याळ घेऊन, कोण किती बोललं ते कागदावर मांडलं. दुसऱ्या दिवशी तो सरांच्या हातात ठेवला.

तास अठ्ठेचाळीस मिनिटांचा. सर शेहेचाळीस मिनिटं वीस सेकंद. मुलं अकरा सेकंद. बाकी पंखा, खोकला आणि खाली पडलेला खडू.

"यात 'प्रेझेंट सर' धरलंयस का?" सरांनी विचारलं.

"धरलंय, सर."

"मग?"

"ते धरूनच अकरा."

सरांनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली. त्या दिवशी कॅन्टीनच्या मावशींना दुसऱ्या सत्रात काहीच ऐकू आलं नाही. त्या जिना चढून वर आल्या. सरांना बरं नाही की काय, बघायला.

संध्याकाळी सापगावला ओटीवर बसून सरांनी तो कागद बायकोला दाखवला. कमळवहिनींनी चष्मा लावला, नीट वाचला.

"कमळ, सत्तावीस वर्षं मी एकटाच बोलत होतो की काय?"

"आता मला इचारता?" वहिनी म्हणाल्या आणि कागद परत देऊन आत गेल्या.

सरांना हसू आलं नाही. सत्तावीस वर्षांत किती पोरं समोर बसून गेली असतील, याचा हिशोब ते ओटीवर करत राहिले. त्या पोरांना काहीच म्हणायचं नव्हतं? की होतं, आणि सरांनी कधी जागाच दिली नव्हती? हे कळल्याशिवाय आता त्यांना बरं वाटणार नव्हतं.

कळायची संधीही ठरलेली होती. शेवटच्या आठवड्यात प्रेमा मॅडम स्वतः वर्गात येऊन बसणार होत्या. सरांच्या तासासाठी त्यांनी एकच अट घातली. नेहमी उत्तर देणारे मितेश आणि भावना सोडून आणखी पाच जणांनी आपणहून बोलायला हवं. नाही बोलले तर पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सहा शनिवार.

"पाच काय, पन्नास बोलतील," सर सगळ्यांदेखत म्हणून बसले. वर्गात एकूण बेचाळीस मुलं होती.

मॅडमनी उपायही सांगितला होता. सोपा. प्रश्न विचारायचा आणि मनात दहा मोजेपर्यंत तोंड उघडायचं नाही. पाड्यावरच्या मुलाला प्रश्न पुस्तकी भाषेतून आपल्या बोलीत न्यायचा असतो, उत्तर शोधायचं असतं आणि ते पुन्हा पुस्तकी भाषेत आणायचं असतं. तेवढा वेळ द्यायचा.

सोमवारी सरांनी प्रश्न विचारला. हर्षाली मागे बसून बोटं मोजत होती. तिचं तिसरं बोट उघडलं आणि सरांनी उत्तर देऊन टाकलं. मंगळवारी दुसऱ्या बोटाला. बुधवारी सरांनी ओठ दाबून धरले, चेहरा लाल झाला, चौथ्या बोटापर्यंत पोचले आणि एकदम म्हणाले, "आतल्या अंगाला! सॉरी."

"सर, मनात मोजताय ना?" हर्षालीने विचारलं.

"मोजतोय अगं. पण 'एक'पासून मोजायला माझ्या मनाला येत नाही. पुढे सरकतच नाही."

"मग तुमच्या पद्धतीने मोजा की."

गुरुवारी सरांनी प्रश्न विचारला, डोळे किंचित मिटले आणि ओठांत पुटपुटले, "लाभ. दोन. तीन. चार." आकडे खळ्यावरच्या पायल्यांसारखे संथ पडू लागले. सर दहापर्यंत पोचले. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच ते दहा आकडे गप्प राहिले होते. त्यांना इतका आनंद झाला की वर्गातून कोणीच काही बोललं नाही, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

हर्षालीच्या आलं. तिने वहीत लिहिलं: थांबले दहा. उत्तरं शून्य.

शुक्रवारी तेच. पुढच्या सोमवारी तेच. आणि नवलाची गोष्ट अशी की जो मितेश एरवी प्रश्न पुरा व्हायच्या आत हात वर करायचा, तोही आता मान खाली घालून बसू लागला. पहिल्या बाकावरची भावना वहीच्या कोपऱ्यावर रेघोट्या ओढू लागली. सरांनी थांबायचा वेळ वाढवला. पंधरा केले. वर्ग आणखी गप्प झाला. वीस केले. पुटपुटणं जरा मोठं झालं, कारण विसापर्यंत मनातल्या मनात मोजणं जड जातं. आता मुलं जागची हलेनाशी झाली. कोणी पान उलटत नव्हतं. एकदा नवसूला शिंक आली. त्याने रुमालात तोंड खुपसून ती परतवली.

हर्षाली थक्क होऊन बघत राहायची. सर बोलत होते तेव्हा मुलं निदान आपापसात कुजबुजायची. सर गप्प बसले आणि वर्ग देवळात बसल्यासारखा बसू लागला.

"बघितलंस?" सर जिना उतरताना म्हणाले. "मला वाटायचं मी बोलू देत नाही. तसं नाहीच. त्यांना माझ्याशी बोलायचंच नाहीये."

"सर, असं कसं असेल?"

"वीसपर्यंत थांबतोय मी! वीस! माणूस दारात उभा राहून वीस मोजेपर्यंत घरातलं कुत्रंसुद्धा भुंकतं."

त्यांनी मुरबाडचा वर्ग सोडत असल्याचं पत्र लिहिलं. अडीच पानं झालं. हर्षालीने ते वाचलं आणि आपल्या पर्समध्ये ठेवून दिलं. "टाकते पोस्टात," म्हणाली. टाकलं नाही.

तो दिवस आला. प्रेमा मॅडम मागच्या बाकावर हर्षालीशेजारी बसल्या. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. फळ्यावर वळणावळणाची नदी काढली. सुरेख काढली. सरांच्या नद्यांना कोणी नाव ठेवू शकत नाही.

"ही भातसा समजा," सर म्हणाले. "ही इथे वळली. गाळ कुठल्या अंगाला बसेल?"

आणि त्यांनी डोळे मिटले. लाभ. दोन. तीन.

एक्केचाळीस माना खाली गेल्या. सहा. सात. जगदीश उशिरा आला. दारात उभा राहिला, "आत येऊ का सर" म्हणायला तोंड उघडलं, सरांचे ओठ पाहिले आणि मिटलं. चौकटीला धरून तसाच उभा राहिला. बारा. तेरा. प्रेमा मॅडमचं पेन थांबलं. अठरा. एकोणीस. वीस.

काही नाही.

सरांनी डोळे उघडले. समोर तीच मुलं. यांतल्या निम्म्यांच्या घरी सर जेवून आलेले. त्यांना फळ्याकडे वळून उत्तर सांगून टाकावंसं वाटलं. उत्तर तयार होतं, जिभेवर होतं. पण त्याऐवजी ते व्यासपीठाच्या कडेला मटकन बसले. खडू हातातच होता. आणि पुस्तकी मराठी कुठे गेली कोण जाणे, सापगावच्या खळ्यावरची बोली तोंडात आली.

"काय रे पोरांनो, तुमी बोलत का नाय? माझा काय चुकला? मला खरंच म्हायती नाय. सांगा तरी."

या वेळी सर मोजायला विसरले. नुसतेच बघत राहिले.

तिसऱ्या बाकावर सोमी आगिवले बसली होती. उंबरमाळीकडच्या पाड्यावरची. दोन वर्षांत तिचा आवाज सरांनी फक्त हजेरीला ऐकला होता. ती अर्धवट उठली.

"सर, तुमचा माप झाला काय?"

"कसला माप?"

"तुमी मापत होता ना. लाभ, दोन, तीन."

"मग?"

सोमीने आजूबाजूला पाहिलं. मुलं तिला खुणेने 'सांग सांग' म्हणत होती.

"माप चालू असताना बोलायचा नसतो, सर. पायली चुकते. लक्षुमी उठून जाते. आमच्या घरी आये धपाटा घालते."

"आमच्याकडं आजोबा," मागून नवसू म्हणाला. "मी एकदा मधीच पाणी मागितला तर वर्षभर ऐकवत होता."

वर्ग फुटला. हसू असं आलं की कॅन्टीनच्या मावशींनी वर पाहिलं. दोन आठवड्यांत सरांच्या वर्गातून आलेला हा पहिला मोठा आवाज होता आणि तो सरांचा नव्हता.

सर हसले नाहीत. त्यांचा हात आपोआप डाव्या कानाकडे गेला. सहा-सात वर्षांचे असताना खळ्यावर त्यांनी विचारलं होतं, "बाबा, किती झाल्या?" मापाऱ्याने पायली खाली ठेवली होती, पोराचा कान पिळला होता आणि अख्खी रास पुन्हा लाभापासून मोजली होती. सगळं खळं गप्प बसून बघत होतं. ही गोष्ट सरांना माहीत होती. चांगली कानाला माहीत होती. मोजायला ते बापाकडून शिकले, आणि मोजताना बाकीच्यांनी काय करायचं असतं तेवढंच विसरले. कारण तेव्हापासून मोजणारे तेच होते.

"म्हणजे इतके दिवस तुम्ही..."

"तुमचा मान राखत होतो, सर," मितेश म्हणाला.

आता सर हसले. इतके हसले की खडू मोडला.

"बरं. माप झाला," ते डोळे पुसत म्हणाले. "रास उचलली. आता बोला. गाळ कुठल्या अंगाला?"

"आतल्या," नवसू म्हणाला. "आमी तिथंच काकडी लावतो, पाणी उतरलं की."

"का पण? आतल्याच अंगाला का?"

सरांनी ओठ दाबले. हात मागे बांधले. मोजलं नाही. खिडकीबाहेर एक एसटी येऊन उभी राहिली, माणसं उतरली, चढली, निघून गेली.

"आतल्या अंगाला पाणी दमानं चालतं," सोमी म्हणाली. "बाहेरचं पाणी पळतं. पळणाऱ्याच्या डोक्यावरचा भारा ऱ्हात नाय, तो... नाय, उलटा झाला. पळणारा भारा घेऊन जातो. दमणारा खाली ठेवतो."

"पण आमच्याकडं बाहेरच्या अंगाला बसलाय," महादू उठून म्हणाला. "मी बघितलाय. कमरेएवढा."

हे पुस्तकात नव्हतं. सरांचं तोंड उघडलं. मागच्या बाकावरून हर्षालीने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड झाकून दाखवलं. सरांनी मिटलं.

"तुमच्याकडं पोत्यांचा बंधारा घातलाय ना, वळणाच्या खालती," सुनिल म्हणाला. "पाणी तुंबतं. मग गाळ कुठंपण बसंल."

"बंधारा लांब हाय रे!"

"कुठं लांब? बैल पोचतो तितका."

"कुठला बैल? तुझा की माझा?"

वाद लागला. फळ्यावरच्या नदीत महादूने येऊन बंधारा काढला. सुनिलने तो पुसून खाली सरकवला. सर खडू-डस्टर पुरवत बाजूला उभे होते. लग्नघरातल्या पाहुण्यासारखे, काय काम करावं ते न कळून. घंटा झाली तेव्हा नदीचं पार डबकं झालं होतं.

सरांना राहवलं नाही. "तर याचं खरं उत्तर असं की..."

"सर, सांगू नका," दारातून आवाज आला. जगदीश. तो अजून तिथेच होता. आत बोलवायचं सगळेच विसरले होते. "मी सापगावचा. आज घरी जाताना पुलावरून बघतो. उद्या सांगतो."

सरांनी उत्तर गिळलं. गळ्यात ते खाली उतरताना दिसलं. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा तास संपला होता आणि उत्तर शिल्लक होतं.

मुलं गेल्यावर प्रेमा मॅडम पुढे आल्या. हर्षालीने मोबाइल बंद केला.

"सर, तुम्ही अंदाजे अठरा मिनिटं बोललात."

"अठरा?" सर दुखावले. "घड्याळ नीट बघ."

"तारमळे सर," मॅडम म्हणाल्या, "अट आठवतेय ना? मितेश आणि भावना सोडून पाच. आपणहून. मी लिहून घेतलंय, पण तुम्हीच सांगा. किती जण बोलले?"

सरांनी डस्टर खाली ठेवलं. रिकाम्या बाकांवरून नजर फिरवत, एकेका जागेशी थांबत, त्यांनी बोट उचललं.

"लाभ, सोमी. दोन, नवसू. तीन, महादू. चार, सुनिल."

बोट थांबलं. नजर बाकांच्या रांगांतून फिरून परत आली. बाक संपले होते आणि पाचवा सापडत नव्हता. प्रेमा मॅडमना उत्तर माहीत होतं. त्या काही सांगायला पुढे झुकल्या.

हर्षालीने त्यांच्या दंडावर हात ठेवला.

"मॅडम, शू," ती हळूच म्हणाली. "माप चालू आहे."

मॅडम पुन्हा मागे सरल्या. खाली कॅन्टीनच्या मावशी कढईत झारा धरून वर काय होतंय ते ऐकत होत्या. सरांचं बोट हवेत तसंच होतं. मग ते हळूहळू बाकांवरून सुटलं, भिंतीवरून सरकलं आणि दाराच्या रिकाम्या चौकटीवर येऊन टेकलं.

"पाच," सर म्हणाले.